रस्त्याकडची भिंत

३ जानेवारी

प्रिय मामा,

तुला फोन केला की तू नुसतं "हां, हां" म्हणतोस आणि फोन ठेवल्यावर मामीला विचारतोस, पोरगी काय म्हणत होती. म्हणून पत्र. शिवाय ही गोष्ट मामीच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचायला नको, कारण ती प्रत्येक गोष्टीत आपल्या पदरचं थोडं घालते.

मला आपल्या घराची भिंत फोडायची आहे.

आता चष्मा पुसून पुढचं वाच. सगळी भिंत नाही, रस्त्याकडच्या भिंतीचा कपाटाएवढा तुकडा. तिथे एक वेंडिंग मशीन बसवायचं आहे. पैसे टाकून बटण दाबलं की खालच्या खणात वस्तू पडते, तसलं. तोंड रस्त्याकडे आणि धड आपल्या पुढच्या खोलीत.

मशीन आमच्या कॉलेजातलं आहे. ज्या कॉलेजातून मी पदवी घेतली तिथेच आता प्रयोगशाळेत नोकरी करते, हे तुझं तिकडे ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्यांना सांगून झालं असेलच. हे मशीन तिथल्या कँटीनबाहेर बिस्किटं विकायचं. पोरांनी लाथा घालून घालून त्याचा पार जबडा वाकवला होता. कँटीनवाला ते भंगारात काढणार होता, मी मागून घेतलं. आत प्रत्येक वस्तूमागे जाड तारेची एक स्प्रिंग असते. ती फिरली की वस्तू पुढे सरकते आणि खाली पडते. निम्म्या स्प्रिंगा अडकायच्या. आता एकही अडकत नाही. मोटरी मी स्वतः उघडल्या, मामा. वायरिंग सगळं नव्याने केलं. आमचे विभागप्रमुख बघायला आले, त्यांनी दोनदा बटण दाबलं आणि गेले. दुसऱ्यांदा त्यांनी नुसत्या मजेखातर दाबलं, हे मला कळलं. त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, तरंगत आले.

आता त्यात काय विकायचं ते सांगते. आईच्या शिवणकामाच्या वस्तू. सुया, रिळं, बटणं, हूक, चेन, सेफ्टी पिना, इलॅस्टिक, बुटाच्या नाड्या. समोर बसस्टँड आहे. प्रवासात माणसांचं काही ना काही तुटतं, उसवतं. ज्यांना आपला बोळ माहीत आहे ते दारावर येऊन टकटक करतात, आणि नेमके आई जेवायला बसली की येतात. "ताई, एक बटण मिळेल का?" ती पानावरून उठते, हात धुते, डबे उघडते. मी म्हणते, नको उघडूस दार. ती म्हणते, त्याची मुलाखत असेल गं. आणि बऱ्याचदा खरंच असते. पण ज्यांना बोळ माहीत नाही ते शर्ट मुठीत धरून तसेच साहेबापुढे जाऊन उभे राहतात. एका बटणासाठी कुणाला असं जावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. हसू नकोस.

इथल्या एका गवंड्याला विचारलं. त्याने भिंतीवर थाप मारून बघितली, कोणी बांधली ते विचारलं आणि म्हणाला, ज्यांनी बांधली त्यांनाच बोलवा. म्हणून तुला विचारते. येशील का?

आणि एक. एवढ्या लांब भिंतीत तू एकही खिडकी का ठेवली नाहीस? सुताराशी भांडण झालं होतं का?

तुझी,
पदवीधर
(नाव तूच ठेवलंयस)


११ जानेवारी

पदवीधर बाईंना गवंडी मामाचा दंडवत.

पत्र मामीनेच आधी फोडलं, वाचलं आणि मला सांगितलं की पोरगी घर पाडायला निघाली आहे. मग मी वाचलं. तेव्हा तुझी युक्ती फसली.

भिंत फोडायची नाही.

सुताराशी माझं भांडण जन्मभर होतं, पण खिडकी त्यापायी गेली नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझे वडील गेले तेव्हा तू नुकती चालायला लागली होतीस. तुम्ही दोघी भाड्याच्या खोलीत राहायचात आणि खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. येणारा-जाणारा मान वळवून आत बघायचा. तुझी आई शिवत बसली तर म्हणायचे, हिला काही वाटतच नाही. रडत बसली तर म्हणायचे, हिचं आता कसं होणार. पडदा लावला तर म्हणायचे, पडदा कशाला लागतो हिला.

मी ही जागा घेतली, पाया खणला आणि तिला विचारलं, खिडकी कुठे ठेवू. म्हणाली, रस्त्याकडे सुईच्या नेढ्याएवढंही भोक नको. मी म्हटलं, शिवायला उजेड? म्हणाली, बल्ब लावीन.

मग मी ती भिंत बांधली. आज ओळंबा सोडून बघ, दोरी तिच्या अंगाला लागून सरळ खाली उतरेल. एक तडा दाखव, मिशा काढतो. मी शाळा बांधल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या. पण तुझं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी बहिणीची भिंत सांगतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिच्यात बघण्यासारखं काहीच नाही. तेच तिच्यातलं काम आहे.

तेव्हा आईजवळ हा विषय काढू नकोस. झाकलेलं उकरू नकोस. मशीन बोळात दाराशी उभं कर.

मोटरी उघडल्यास हे मात्र मी न्हाव्याला सांगितलं. तो म्हणाला, भाची म्हणजे मुलगी ना? मी म्हटलं, नाही, सिंह आहे. त्याने वस्तऱ्याला पुन्हा धार लावून घेतली.

मामा


१७ जानेवारी

प्रिय मामा,

विषय काढू नकोस म्हणालास, पण तुझं पत्र मी आईसमोरच वाचत होते. ती शिवत होती. पाय थांबवून म्हणाली, "दादा काय म्हणतो?" मी म्हटलं, भिंत फोडायची नाही म्हणतो. "का?" मी पत्राची घडी घातली. तर म्हणाली, "म्हणजे त्याने तुला सांगितलं."

मग बराच वेळ ती शर्टाची बाही उलटसुलट करत होती. शेवटी मला विचारलं, "त्या मशीनमधून आतलं दिसतं का?"

"नाही. पुढे काच, काचेमागे वस्तू, त्यांच्यामागे पत्रा."

"म्हणजे बाहेरच्याला फक्त रिळं दिसणार."

"हो."

"मी नाही दिसणार."

"नाही दिसणार."

तिने दातांनी दोरा तोडला. "मग फोड म्हणावं दादाला. पण त्यानेच फोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

तेव्हा आता तुला यायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर कॉलेजात आली. मशीनचं माप मी घेणार होते, पण तिने माझ्या हातातली टेप बाजूला केली, गळ्यातली आपली टेप काढली आणि मशीनसमोर अशी उभी राहिली की जणू ते कोट शिवायला आलंय. वॉचमन हसायला लागला. ती म्हणाली, "हसताय काय? याचे खांदे सरळ आहेत, पोट सुटलेलं नाही. असं गिऱ्हाईक मिळत नाही." माप लिहून दिलं. मग प्रयोगशाळेतल्या टेबलांवरून हात फिरवत सगळीकडे हिंडली आणि जाताना वॉचमनला म्हणाली, "ही इथे शिकवते." मी शिकवत नाही, उपकरणं लावून देते. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

रिळं स्प्रिंगमधून घरंगळून खाली पडत होती. त्यावरही तिनेच तोड काढली. उरलेल्या कापडाच्या चिमुकल्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत सुई, दोरा आणि चार बटणं. सुई टोचू नये म्हणून आत लोकरीची चिंधी. आता मशीनचं बटण एकदा दाबलं की पिशवी बरोबर एकच पडते.

सोबतच्या कागदावर भोकाचं माप आहे. आईने लिहून दिलेल्या रुंदीत मी दोन्ही बाजूंना वीतभर नाही, पण तळहाताएवढी जागा वाढवली आहे, कारण मशीनला हवा लागते. नाहीतर मोटरी तापतात.

ये लवकर.

तुझी,
पदवीधर


२२ जानेवारी

पदवीधर बाई,

तिने स्वतःच्या तोंडाने "फोड" म्हटलं असेल तर माझा प्रश्न मिटला. येतो. पुढच्या खोलीतलं कपाट हलवून ठेव आणि कापडांवर चादरी घाल, धूळ फार उडेल. छिन्नी-हातोडा मी माझा आणतो. मुलगा म्हणतो, या वयात कशाला. त्याला म्हटलं, ती भिंत तुझ्यापेक्षा माझं जास्त ऐकते.

माप बघितलं. अक्षर छान आहे. तरी भोक मी नेहमी थोडं सैलच ठेवतो. वस्तू आत सरकवताना बोटं चेमटायला नकोत आणि कडेने गिलाव्यालाही जागा लागते. ते तू माझ्यावर सोड.

मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू गेलास आणि दुसऱ्याच आठवड्यात मशीन आपल्याला द्यायच्या कागदांवर कॉलेजच्या सह्या झाल्या. इतके दिवस तू इथे होतास, तेव्हा त्या साहेबांना पेन सापडत नव्हतं. तुझ्या डोळ्यांसमोर मशीन बसायला हवं होतं, याची मला फार चुटपुट लागली आहे.

मशीन टेम्पोतून आलं. बसस्टँडवरचे चार हमाल मदतीला धावले आणि काय आहे हे कळायच्या आधीच त्यांनी ते उचललंसुद्धा. तू बांधलेल्या ओट्यावर ठेवलं आणि आतून बाहेरच्या बाजूला सरकवलं. बसलं, मामा. अगदी बेतून शिवल्यासारखं. तू वरून टाकलेली तुळई बघून हमालांचा मुकादम म्हणाला, हे काम जुन्या माणसाचं दिसतंय. मी म्हटलं, माझ्या मामाचं आहे. तू काढलेला छज्जा, खाली पाणी निथळायला दिलेला उतार, सगळं मी त्याला फिरून दाखवलं. त्याने विचारलं नव्हतं.

मग मी प्लग लावला. आतला दिवा लागला आणि रस्त्याच्या पलीकडून रिळांचे रंग दिसायला लागले. लाल, पिवळी, निळी, एका ओळीत. इतकी वर्षं त्या भिंतीवर फक्त जाहिरातीचे कागद चिकटायचे. मी रस्ता ओलांडून बसस्टँडवर जाऊन उभी राहिले आणि प्रवाशासारखी तिकडे बघत राहिले. दोन बस गेल्या तरी हलले नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक कंडक्टर. त्याच्या गणवेशाचं बटण गेलं होतं. बटण दाबलं, पिशवी पडली, उघडली, आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "हे शिवणार कोण?" याचा विचार मी केलाच नव्हता. मशीन बटण देतं, लावून देत नाही. पण आईने त्याला तिथल्या तिथे, उभ्या उभ्या बटण लावायला शिकवलं. त्याला सुईत दोराही ओवता येत नव्हता. आता येतो. दुसऱ्या दिवशी दुसरं बटण स्वतः लावून दाखवायला आला. जरा वाकडं होतं, पण घट्ट होतं.

आई आता पोटभर जेवते. सोबत फोटो पाठवते आहे.

तुझी,
पदवीधर


२ मार्च

पदवीधर बाई,

फोटो मिळाला. घरात सगळ्यांना दाखवला. मामीने तो आरशाच्या फटीत खोचला आहे, त्यामुळे भांग पाडताना मला रोज अर्धा चेहरा आणि अर्धं मशीन दिसतं.

पण मी जन्मभर भिंती बघत आलोय, तेव्हा दोन प्रश्न विचारतो. फोटोत डावी कड आहे, वरची तुळई आहे, खालचा ओटा आहे. उजवी कड कुठे गेली? फोटो काढणाऱ्याचा हात थरथरला असं तू म्हणशील, तर बाकी तीन बाजूंना का नाही थरथरला?

दुसरं. तुझ्या आईने कंडक्टरला तिथल्या तिथे उभ्या उभ्या शिकवलं म्हणतेस. तो रस्त्यावर, ती खोलीत, मधे माझी नऊ इंचांची भिंत. शिकवलं कुठून?

खरं काय ते लिही.

मामा


७ मार्च

प्रिय मामा,

उजव्या बाजूला फट आहे. हातभर रुंद, आणि मशीनच्या उंचीइतकी उंच.

मशीन डावीकडे टेकवून बसवलं, ते तिथे नीट बसलं, पण उजवीकडे फट उरली. कंडक्टरला आईने त्या फटीतूनच शिकवलं; आता तिथे प्लायवूड उभं केलं आहे. तुला कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, माझी चूक. तू इथे दोन आठवडे धुळीत उभा होतास. संध्याकाळी तुझे हात कापायचे आणि चहाची कपबशी तू दोन्ही हातांनी धरायचास. मी बघत होते. त्यानंतर "भोक मोठं झालं" असं तुला लिहायला माझा हात धजला नाही.

चूक तुझी नाहीच. सगळ्यांची आहे. मी आईला विचारलं, तू माप नेमकं किती घेतलंस? ती म्हणाली, "नेमकं कधी लिहायचं नसतं. शिवणीला दोन्हीकडे दोन दोन बोटं माया धरली." मशीनला, मामा. मशीनला तिने शिवणीसाठी माया धरली. म्हणते, कमी पडलं तर उसवून वाढवता येत नाही, जास्त झालं तर आत मुडपता येतं. ते माप मी नेमकं समजले आणि त्यात हवेसाठी तळहाताएवढी जागा वाढवली. माझं माप तू नेमकं समजलास आणि त्यात तुझी सैल जागा घातलीस. आपण तिघांनीही मशीनला काही अडचण होऊ नये एवढंच बघितलं. आता त्याच्याशेजारी एक माणूस अंग चोरून उभा राहू शकतो.

मी सांगितल्यावर आई इतकी हसली की तिला शिलाई मशीनवरून उठावं लागलं. मी तिला असं हसताना कधी बघितलेलं आठवत नाही.

तू त्रास घेऊ नकोस. इथला तो गवंडी फट बुजवायला तयार आहे. दोन दिवसांचं काम म्हणतो.

तुझी,
पदवीधर


१२ मार्च

पदवीधर बाई,

त्या गवंड्याला सांग, भिंतीपासून लांब उभा राहा.

हातभर. एवढ्या वर्षांत माझं भोक दोन बोटांनीही चुकलं नव्हतं. इथे मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मामीला माहीत आहे, कारण पत्र तीच फोडते. ती म्हणाली, "तुमच्या घरातली माणसं जेवायला वाढतानासुद्धा असंच करतात."

चूक तिघांची असली तरी छिन्नी माझ्या हातात होती. मीच येऊन बुजवतो. नवीन विटा जुन्यांत दात काढून अशा गुंफीन की तिथे कधी फट होती हे कुणाला दाखवूनही कळणार नाही. तिला मी शब्द दिला होता, रस्त्याकडे सुईच्या नेढ्याएवढं भोक ठेवणार नाही म्हणून. ती हसली हे ठीक. पण ती फट उघडी असेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

रविवारच्या गाडीने निघतो. प्लायवूड पक्कं लावून ठेव. तिला कुणाच्या नजरेला पडावं लागता कामा नये.

मामा


१५ मार्च

दादा,

पोरीने पत्र वाचून दाखवलं. मी फार लिहीत नाही तुला माहीत आहे, पण हे तिच्या हातून लिहून घ्यायचं नाही म्हणून बसले आहे.

येतोस तर ये, पण विटा आणू नकोस.

प्लायवूड मीच काढलं. पोरीने तुला फटीचं लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. काळ्या पँटीला काळ्या दोऱ्याने टीप घालायची होती. बल्बखाली दोराच दिसेना. म्हटलं, कुणी नाही रस्त्यावर, थोडं बाजूला सारू. सारलं तर माझ्या मांडीवर, कापडावर, बोटांवर ऊन पडलं. एवढी वर्षं शिवते आहे, पण काळ्यावरचा काळा टाका मला पहिल्यांदाच नीट दिसला. पँट झाली तरी प्लायवूड परत लावायचं मी विसरले. खरं म्हणजे विसरले नाही.

माणसं बघतात. बघणारच. मशीनशी थांबतात, मग मान वळवून आत बघतात. पहिल्या दिवशी माझा हात आखडला होता. एक बाई थांबली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. म्हणाली, "कॉलर काय छान उलटवलीत हो." आणि गेली. तेव्हा बघायचे ते मला बघायचे, दादा. आता बघतात ते हाताकडे बघतात. हातात लपवण्यासारखं माझ्या काही नाही.

आणि एक सांगते, ते पोरीला सांगू नकोस. माणसं मशीनशी आली की आपसांत बोलतात, हे कुठल्या कंपनीचं आहे, बाहेरून आणलंय का. बोळातल्या दारातून मला हे कधीच ऐकू आलं नसतं. इथून ऐकू येतं. मग मी मान वर करून सांगते, माझ्या मुलीने केलंय. ते म्हणतात, मुलीने? मी म्हणते, हो. पदवीधर आहे. काल हे मी इतक्यांदा सांगितलं की एक शर्ट राहून गेला.

तू पाया खणताना मला विचारलं होतंस, खिडकी कुठे ठेवू. मी त्याचं उत्तर बदलते आहे. खाली विटांचा कठडा कर, मी बसले की कोपर टेकेल एवढा. वर उघडं ठेव.

तुझा शब्द तू पाळलास. मीच तुला त्यातून मोकळं करते. भिंत तू फार चांगली बांधली होतीस, दादा. तिच्याआड मी पोर वाढवली.

तुझी बहीण


१९ मार्च

ताई,

रविवारी निघालो नाही, कारण तुझ्या वहिनीने पत्र वाचलं आणि ती रडायला लागली, मग मलाही बसावं लागलं. आता पुढच्या आठवड्यात बुधवारी निघतो.

सुताराला गाठलं. तो अजून आहे आणि अजून भांडतो. चौकट सागवानाची करतोय. मी म्हटलं, माप नेमकं घे, कुणी काही वाढवायचं नाही. तो म्हणाला, मी थोडं जास्तच ठेवतो, लाकूड फुगतं. त्याच्या हातातून टेप काढून घेतली आणि स्वतः लिहून दिलं.

एक विचारायचं राहिलं. गज किती घालू? उभे घालू की आडवे? रस्त्याकडची खिडकी आहे, म्हणून विचारतो. नीट विचार करून सांग. एकदा चौकटीत बसवले की मग काढताना लाकूड खराब होतं.

पोरीला सांग, मी येईन तेव्हा मशीनमधून पिशवी मी स्वतः काढणार आहे. कुणी आयती हातात ठेवायची नाही.

तुझा दादा


२२ मार्च

दादा,

गज नकोत. उभे नकोत, आडवे नकोत. दुकान बंद केल्यावर लावायला आतून एक झडप दे आणि तिला कडी लाव, म्हणजे झालं.

पडद्यासाठी मी निळं कापड काढून ठेवलं होतं. त्यातून कंडक्टरच्या मुलीचा फ्रॉक बेतला. आज दिवसभर खिडकीत बसून तोच शिवला.

तुझी बहीण